राजपुत्राला एकदा मारा

"मला मारा म्हणतोय ना मी! एकदाच मारा आणि मोकळं करा."

"आणि मग मी काय करू? थिएटरला कुलूप लावून किल्ली चघळत बसू?"

पहिला आवाज आमच्या भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा. दुसरा नाटक कंपनीच्या मालकांचा. मधे फळ्यांची भिंत होती आणि अलीकडे कपडेपटात मी, मांडीवर पत्र्याचं चिलखत घेऊन त्याच्या तुटक्या पट्ट्याला नवं बक्कल शिवत बसले होते. दुसऱ्याचं भांडण चोरून ऐकू नये हे मलाही कळतं. पण त्या भिंतीला कान नसले तरी फटी भरपूर होत्या, आणि मालकांचा आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही पोचावा.

"शेवटच्या अंकात राक्षसानं माझ्या पोटात तलवार खुपसायची, मी पडायचं, वरून पडदा पाडायचा," भाऊजी सांगत होते. "राजपुत्र मेला हे सगळ्या गावाला डोळ्यांनी बघू दे."

"अरे, लोक राक्षस मरताना बघायला येतात! राजपुत्र मेलेला बघायला कोण येणार, तुझी सासू?"

"मला सासू नाही."

"म्हणूनच असलं सुचतं तुला!"

मग काहीतरी फुटलं, बहुतेक रंगरंगोटीचा आरसा. मालकांच्या हातात कायम वेताची छडी असायची. ती कुणाच्या तरी पाठीवर सपकन बसल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला. त्यानंतर भाऊजी अगदी शांतपणे म्हणाले, "मारा आणखी. पण स्टेजवर मारा."

हे भांडण नीट कळायचं तर माणूस कळायला हवा.

आमचे भाऊजी मुळात राजपुत्र नव्हतेच. ते कंपनीचे पडदे रंगवायचे. जंगल, महाल, समुद्र, जे सांगाल ते. आमचे हे कंपनीचे सुतार, मी कपडे शिवायची आणि धुवायची, अशी आमची सगळी वरात त्याच थिएटरच्या मागच्या खोल्यांत राहायची. भाऊजींची छाती म्हणजे वाळत घातलेली छत्री. सगळ्या काड्या मोजून घ्याव्यात. त्यात दम्याची धाप. पण आधीचा राजपुत्र लग्न करून सासऱ्याच्या दुकानात जाऊन बसला, आणि त्याचं पत्र्याचं चिलखत नेमकं सडपातळ माणसाच्या मापाचं होतं. नवं करायला मालकांचा हात सुटेना. कंपनीतल्या सगळ्यांना एकेक करून त्यात कोंबून पाहिलं. कुणाचं पोट बाहेर, कुणाचे खांदे अडकले. भाऊजी मात्र असे गेले आत, जसा खिशात हात. चिलखतात बसला म्हणून राजपुत्र झाला. पुष्कळ मोठी माणसं अशीच मोठी होत असणार, असं मला वाटतं.

नाटक एकच. सात डोक्यांचा राक्षस एका गावातली माणसं ओढून नेतो, राजपुत्र त्यांना सोडवतो आणि शेवटी राक्षसाला मारतो. गावातल्या प्रत्येक पोरानं ते बापाच्या मांडीवर बसून पाहिलेलं. दुसऱ्या अंकात राक्षस स्टेजवरून खाली उतरायचा आणि प्रेक्षकांतून एकाला फरफटत न्यायचा. तो ओढला जाणारा आमचाच माणूस असायचा, साध्या कपड्यांत मधेच बसवलेला. तो किंचाळायचा, बायका डोळे झाकायच्या, आणि मग राजपुत्र उडी मारायचा. "हात खाली! मी आलोय!" एवढंच वाक्य. पण लोक त्याच वाक्यासाठी यायचे.

एका खेळाला काय झालं, राक्षस अजून विंगेतच होता आणि पुढच्या रांगेतल्या एका गाडीवानानं आपल्या बायकोचे केस धरून तिला बाकड्यावरून खाली ओढलं. बाकड्याच्या कडेवर तिचं तोंड आपटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आज राक्षसाऐवजी नवी गंमत दिसतेय. तिनं हात वर केला तर गाडीवानानं तिच्या बोटांवर बूट ठेवला आणि दाबला. आणखी टाळ्या.

भाऊजी रंगारी माणूस. ते मला नंतर म्हणाले, "वहिनी, आपल्याकडचा लाल रंग इतका पातळ नाही. मी तिच्या हनुवटीवरून ओघळ बघितला आणि समजलो."

त्यांनी वेळेच्या आधीच उडी मारली. लाकडी तलवारीची मूठ गाडीवानाच्या कानशिलावर घातली. तो वळला आणि त्यानं भाऊजींच्या तोंडावर ठोसा मारला, पण मधे शिरस्त्राण होतं, त्याचीच बोटं फुटली. आणि मग तो दांडगा माणूस थांबला. समोर राजपुत्र. शिरस्त्राणावरचं पीस, चिलखत, सगळं लहानपणी पाहिलेलं तसंच. त्यानं गुडघेच टेकले. खाली बसून पोरासारखा रडायला लागला.

हे सगळ्या गावानं बघितलं. तिथून आमच्या दाराला चैन पडली नाही.

"राजपुत्र आहेत का घरात?" सकाळी, दुपारी, जेवताना. कुणाच्या लेकीला नवरा तुडवतोय. कुणाचा भाऊ भावाच्या मागे कुऱ्हाड घेऊन लागलाय. कुणाचा मुलगा बापाचा गळा धरून बसलाय. चौकीत जा म्हटलं तर म्हणायचे, तिथले लोक म्हणतात घरचा मामला आहे. एकदा तर पोलीसच बोलवायला आला. म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, आधी तुम्ही जा, मग आम्ही येतोच."

पहिल्यांदा भाऊजी साध्या कपड्यांत गेले. खाटकाच्या घरी. खाटकानं विचारलं, "तू कोण रे?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांना जिन्यावरून खाली फेकलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हा कळलं की लोकांना भाऊजी नको होते, चिलखत हवं होतं. भाऊजींचं दुर्दैव एवढंच की त्या चिलखतात मावणारे ते एकटेच होते. हाड जुळलं तसे ते पुन्हा त्याच खाटकाकडे गेले, पीसबीस लावून. खाटकानं सुरी उगारली होती. भाऊजींना बघून ती त्यानं उलटी करून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "लहानपणी मी तुमच्यासाठी रडलो होतो."

"मग आता बायकोसाठी रड," भाऊजी म्हणाले.

पण सगळेच काही गुडघे टेकत नव्हते. कित्येकदा मार बसायचाच. वीटभट्टीवरच्या एकानं पहारीनं चिलखताला असा पोचा पाडला की आतून कापड फाटून कातडी सोलली. एकीनं तर, नवऱ्याच्या अंगावर हात टाकला म्हणून, स्वतःच भाऊजींच्या पाठीत कढत पाणी ओतलं. सोडवलेल्या बाईला ते माहेरी नाहीतर बहिणीकडे पोचवायचे आणि आतून कडी लागल्याचं ऐकूनच निघायचे. मी त्यांच्यामागून त्यांचा कोट घेऊन जायची, येताना चिलखतावर घालायला, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. घरी आल्यावर आमचे हे हातोडी घेऊन पोचे काढायचे आणि बडबडायचे, "पत्रा ठोकून सरळ होतो. ह्याला कुठं ठोकू?"

मी म्हणायची, "भाऊजी, लग्न करा. घरात कोणी असलं की माणूस नाही म्हणायला शिकतो."

"रोज दुसऱ्यांच्या बायका पोचवत फिरणाऱ्याशी कोण लग्न करेल, वहिनी?"

असं हसण्यावारी न्यायचे. हळूहळू हसणं आटलं. दार वाजलं की त्यांच्या हातातला चहा सांडायचा. झोपेत दात खायचे. आणि एक दिवस मी त्यांच्या बाह्या गार पाण्यात भिजवत होते, गरम पाण्यानं रक्त बसतं म्हणून, तेव्हा ते माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"हे माझं नाही," बाहीकडे बोट दाखवून म्हणाले.

"माहीत आहे. तुमचं असतं तेव्हा तुम्ही कण्हता."

"तो पडला होता, वहिनी. भट्टीवाला. पडल्यावरही मी मारत होतो. त्याची बायकोच मधे आली. म्हणाली, आता पुरे, मरेल तो." त्यांनी बाही पाण्यात आणखी खाली दाबली. "वाईट ते नाही. वाईट हे की मला बरं वाटत होतं. आणखी थोडं चालू राहिलं तर मला सोडवायला कोण येणार? मलाच मधून बाजूला करायला?"

 मी बाही पिळली.

त्यानंतरचं ते भांडण, छडीचं. राजपुत्र मेला की बोलावणी थांबतील, एवढा साधा हिशोब होता त्यांचा. गाव चिलखतावर विश्वास ठेवतं ना, मग चिलखत मेलेलं बघू दे. मालकांनी आधी छडी वापरली, मग अश्रू, मग कंपनी काढणाऱ्या आपल्या वडिलांच्या शपथा. भाऊजी म्हणाले, "मग उद्यापासून तुम्हीच घाला चिलखत." मालकांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि कबूल झाले. एका खेळापुरते.

आता अडचण राक्षसाची. राक्षसाचं काम करणारा दिवसा बेकरीत पाव भाजायचा. सगळे त्याला लोणी म्हणायचे, कारण जरा ऊब लागली की विरघळायचा. मांजरीवर दार लागलं तरी डोळ्यांत पाणी.

"भाऊ, तुला मारायला मला नाही जमणार," तालमीत तो म्हणाला.

"अरे, इतकी वर्षं मी तुला मारतोय, मी कधी तक्रार केली?"

"पण मी राक्षस आहे. मला मरायची सवय आहे."

"खुपस रे लोण्या! काखेत तलवार घ्यायची आहे, खरी थोडीच जाणार आहे!"

"आईला काय सांगू? ती बघायला येते."

शेवटी जमलं. मी लाल रंगाची पिशवी चिलखताच्या आत शिवून दिली. ह्या वेळी पातळ रंग, भाऊजींनी मुद्दाम कालवलेला.

खेळ संध्याकाळचा होता. थिएटर खच्चून भरलेलं. शेवटच्या अंकात राक्षसानं तलवार खुपसली. पिशवी फुटली. भाऊजी मागे गेले, गुडघ्यावर आले आणि आडवे झाले. काय सुंदर पडले! इतक्या वर्षांची थकलेली पाठ एकदाची जमिनीला लागली, तसं. मी विंगेत उभी होते आणि मनात म्हणत होते, पाडा पडदा, पाडा.

 मग कुठली तरी म्हातारी किंचाळली, "मारलं गं त्याला!"

सगळ्यांत आधी तो गाडीवान स्टेजवर चढला. तोच, गुडघे टेकलेला. त्यानं लोण्याच्या छातीत लाथ घातली. त्याच्या मागून माणसं, बायका, ज्यांना भाऊजींनी घराघरांतून बाहेर काढलं होतं त्याही. पडद्याची दोरी मालकांच्या हातातच तुटली. लोकांनी राक्षसाची कागदाची डोकी एकेक करून उपटली. सहा डोकी उपटून झाल्यावर सातवं खरं होतं, तरी हात थांबले नाहीत. कुणी बाकड्याचा पाय मोडून आणला. लोण्याचा दंड मोडल्याचा आवाज विंगेत मला ऐकू आला, सुकी फांदी मोडावी तसा. एका बाईनं त्याचा कान धरून ओढला आणि तो अर्धा तिच्या हातात आला. ती त्याकडे बघत राहिली आणि मग पुन्हा मारायला लागली.

"मी बेकरीवाला आहे! मी पाव देतो तुम्हाला रोज!" लोणी ओरडत होता. कोण ऐकतंय? "भाऊ! ऊठ ना भाऊ!"

भाऊजी पडून होते. पायांच्या गर्दीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. एक डोळा उघडा. पडून राहिले असते तर सुटले होते. दुसऱ्या दिवशी गाव रडलं असतं, जिकडे तिकडे बोलबाला झाला असता आणि आमचं दार कुणी वाजवलं नसतं. त्यांना हे पक्कं माहीत होतं. लोण्यानं तिसऱ्यांदा हाक मारली तरी ते पडून होते. मी त्यांना दोष देत नाही. माझ्याही मनात आलं होतं, नका उठू.

मग लोण्याचा आवाज बंद झाला, आणि ते उठले.

त्यांनी बाकड्याचा पाय धरलेल्या माणसाच्या मनगटावर तलवार घातली, तलवारीचे दोन तुकडे झाले. उरलेल्या तुकड्यानं गाडीवानाच्या तोंडावर मारलं, त्याचे पुढचे दात फळ्यांवर पडले. डोक्यानं एकाला, कोपरानं दुसऱ्याला असं ढकलत, तुडवत ते लोण्यापर्यंत पोचले आणि त्याच्यावर दोन पाय फाकवून उभे राहिले. पोटावरून लाल रंग गळतोय, शिरस्त्राण वाकडं.

"हात खाली! मी आलोय!"

सगळे मागे सरकले. आणि मग, देवा, मग टाळ्या! "उठला! उठला! राजपुत्र मरत नाही!" लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. ज्याचे दात पडले तोही तोंडावर रुमाल धरून टाळ्या वाजवत होता. भाऊजींच्या पायांमधे लोणी बेशुद्ध पडलेला, आणि त्यांच्यावर टोप्या उडत होत्या.

लोणी वाचला. एका कानानं बहिरा झाला आणि डाव्या हातानं पुन्हा कणीक तिंबता आली नाही. त्याचा हात गळ्यात होता तोवर भाऊजी पहाटे बेकरीत जाऊन त्याची भट्टी लावायचे. पाव करपवायचे. गावानं ते करपके पाव गुमान खाल्ले, राजपुत्रानं भाजलेत म्हणून. लोण्याची आई मात्र भाऊजींशी बोलली नाही. समोर आले की तोंड फिरवायची. तिचं बरोबरच होतं.

मालकांनी दुसरा राक्षस आणला आणि मरून उठणं नाटकात कायमचं ठेवलं. आता रोज भाऊजी मरायचे आणि रोज उठायचे. "बघ, तू मागितलंस ते दिलं की नाही?" मालक म्हणायचे. बोलावणी दुपटीनं वाढली. आधी लोकांना वाटायचं राजपुत्र आला तर वाचवेल. आता त्यांना खात्री होती की ह्याला काही होतच नाही. भाऊजींनी पुन्हा कधी मरण मागितलं नाही. दार वाजलं की उठायचे, हात वर करून उभे राहायचे, आणि मी पट्टे आवळायची. केस पांढरे झाले. पोरं मोठी झाली, ती उठणाराच राजपुत्र बघून मोठी झाली.

शेवटचं बोलावणं आलं ते भर दुपारी. त्यानंतर भाऊजी दुसरी सकाळ बघायला राहिले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना उगाच आशा लागून राहायला नको.

एक मुलगी धावत आली. तिच्या थोरल्या बहिणीला नवऱ्यानं घरात कोंडलं होतं, सकाळपासून सळईनं मारत होता, तान्हं पोर आतच. नवरा गोदामातला हमाल, जवान गडी. भाऊजींनी घास तसाच ठेवला.

"वरचा पट्टा सैल ठेवा वहिनी. धाप लागते."

"मग ते वर चढतं. पोट उघडं पडतं."

"श्वास तरी घेता येऊ दे की."

घर वरच्या मजल्यावर होतं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून ते भिंतीला हात लावायचे. मी कोट घेऊन मागे. दाराला त्यांनी खांदा दिला, कडी निखळली. आत बाई कोपऱ्यात पोराला पोटाशी घेऊन बसलेली. एक डोळा पार मिटलेला, भिंतीवर रक्ताचे फराटे.

"हात खाली. मी आलोय," भाऊजी म्हणाले. धाप लागल्यामुळे ते नेहमीच्या बोलण्यासारखंच वाटलं.

त्या गड्यानं वळून बघितलं. गुडघे टेकले नाहीत, घाबरलाही नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखं कुतूहल आलं.

"तुम्ही मरत नाही ना?" त्यानं विचारलं. "बघू."

आणि दोन्ही हातांनी सळई फिरवली. ती चिलखताच्या खाली, पोटात बसली. भाऊजी दुमडले. दुसरी मानेपाशी बसली. ते पडले. मी ओरडले, पण माझ्याकडे कोण बघणार. तो गडी सळई खाली धरून उभा राहिला आणि वाट बघायला लागला. खरंच सांगते, वाट बघत होता. लहानपणी बघितलं होतं ना त्यानं, पडल्यावर राजपुत्र उठतो. नजर भाऊजींवरून हलेना, तोंड थोडं उघडं. बायको त्याच्या पाठीमागून भिंतीला घासत सरकली, पोर घेऊन दाराबाहेर माझ्याजवळ आली, तरी त्याला पत्ता नाही.

ती सुटली होती. भाऊजी पडून राहिले असते तर चाललं असतं, असं मला तेव्हा वाटलं. मग दिसलं की ती जिना उतरण्याएवढी धडच नव्हती. वाट बघून ह्या गड्याचं लक्ष उडालं असतं तर पहिल्याच वळणावर त्यानं तिला गाठलं असतं.

भाऊजींनी एक हात जमिनीवर टेकला. मग गुडघा. तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती, ती बाहीनं पुसली. उठायला त्यांना इतका वेळ लागला की एखाद्या खेळात मालकांनी छडी आपटली असती. पण उठले. उभे राहिले. नुसते त्याच्यासमोर हात पुढे करून उभे राहिले.

त्या गड्यानं सळई त्यांच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून खाली बसला. "उठतो," तो स्वतःशीच म्हणाला. "खरंच उठतो."

बोलवायला आलेल्या धाकटीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, तेही वरच्या मजल्यावर. भाऊजींनी पोराला घेतलं, कारण बाईचा हात चालत नव्हता. मी बाईला धरलं. रस्त्यात लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते, भाऊजी मान हलवत होते. मी कोट पुढे केला तर म्हणाले, "आधी पोचवू."

दार उघडलं, धाकटीनं बहिणीला आत ओढलं, भाऊजींनी पोर तिच्या हातात दिलं. "आतून कडी आहे ना? लावा."

दार बंद झालं. ते नेहमीसारखे कान देऊन उभे राहिले, एक हात चौकटीवर. कडी सरकली. त्यांनी बाहेरून दार ढकलून बघितलं. हललं.

"नीट बसली नाही. पुन्हा लावा."

आत कडी पुन्हा घासली. त्यांनी पुन्हा ढकललं.

"हां," ते म्हणाले, आणि जिन्याकडे वळले.